पौलस मास्तरांचा रुंद रस्ता

माझे वडील आमच्या मलकापूरच्या चर्चमध्ये डाव्या भिंतीवर आहेत. नरकापासून हातभर अलीकडे. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, तोंडाला कर्णा आणि फुगलेले गाल. त्यांना तिथे उभं करणारा माणूस म्हणजे पौलस मास्तर. मास्तर गेल्यावर चर्चच्या स्मरणिकेसाठी त्यांच्याबद्दल चार शब्द लिहायला मला सांगितलं, वर "चांगलं लिही" असंही सांगितलं. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा इतकं रागाचं लिहून झालं की पाळकसाहेबांनी कागद वाचून परत दिला. तेव्हा हे स्मरणिकेसाठी नाही.

मास्तर नगरपरिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या होत्या, आणि मास्तर बाजारातून निघाले की सायकल थांबवून त्या पाट्यांमधल्या चुका काढत. "सलीम, तुहा 'क' पोटुशी बाई वाटते," असं भर रस्त्यात ओरडून सांगायचे. सलीमचे केस तोवर पांढरे झाले होते, पण तो "हाव मास्तर" म्हणून शिडी शोधायला आत जायचा. मास्तर स्वतः उंच, काटकुळे, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. अंगाला कायम जवसाच्या तेलाचा वास, कारण रंग ते त्याच तेलात घोटत. आमच्याकडे जवसाची चटणी रोज असते. मास्तर दारातून आत आले की आई म्हणायची, "घ्या, चटणी आली."

शाळेतून निवृत्त झाले तरी मास्तरकी सुटली नाही. चर्चमध्ये ते मंडळीचे वडील होते, म्हणजे पाळकाच्या खालोखाल ज्याचं चालतं ते. रविवारची शब्बाथशाळा त्यांच्याकडे, गाणाऱ्यांचा ताफा त्यांच्याकडे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं तेव्हा भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरवण्याचा मानही त्यांच्याकडे. प्रार्थना करताना ते शास्त्रातली भारदस्त मराठी बोलत, "हे सर्वसमर्था, आम्ही धुळीचे कण" वगैरे. पण कुणाला सुनवायचं असलं की थेट वऱ्हाडीवर येत. त्यामुळे आम्हा पोरांना देवाची भाषा अवघड वाटायची आणि मास्तरांची लगेच कळायची.

आता ते चित्र. फार पूर्वीच्या परदेशी मिशनरींनी चर्चला दोन रस्त्यांचं एक छापील चित्र दिलं होतं. रुंद रस्ता नाशाकडे जातो, अरुंद रस्ता जीवनाकडे. त्या रस्त्यांवर टोपीवाले साहेब आणि छत्रीवाल्या मडमा चालत होत्या. तरुणपणी मास्तरांना वाटलं, मलकापुरात टोपी कोण घालतं? हे पाहून कुणाच्या पोटात गोळा येणार? म्हणून त्यांनी भिंतभर मांजरपाट ताणला आणि सगळं नव्याने काढलं. रुंद रस्ता म्हणजे आपला हायवे. त्याच्या कडेला टॉकीज, सट्ट्याची टपरी, दारूचं दुकान, पुढे व्हिडिओ पार्लर आलं, नंतर मोबाइलचं दुकान. अरुंद रस्ता कपाशीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून निघून बुलढाण्याच्या घाटासारखा वर चढत जाणारा, आणि माथ्यावर प्रकाशाचं नगर. तिथल्या प्रत्येक घरात दिवा लागलेला. लोडशेडिंगच्या काळात आम्ही पोरं त्या घरांकडेच पाहत बसायचो. आणि रुंद रस्त्याच्या शेवटी नरक म्हणजे पेटलेली कापसाची जिनिंग. लहानपणी त्यांनी एका जिनाची कापसाची गंजी जळताना पाहिली होती. "वरून इझली वाटते अन् आतून लाल असते," ते सांगायचे. "आठ-आठ दिवस. पाणी मारा, उलथी करा, आतून लालच."

एवढ्यावर थांबले असते तर मी ही तक्रार लिहीत बसले नसते. पण मास्तरांनी त्या रस्त्यांवर आम्हालाच काढलं. नाव कुणाचं लिहायचे नाहीत, चेहराही जुजबी. पण लंगडणारा पाय, काखेतली पर्स, मफलर बांधायची तऱ्हा, एवढं बरोबर यायचं. कुणी घसरला की पुढच्या रविवारी तो रुंद रस्त्यावर दिसायचा. त्याने मंडळीपुढे उभं राहून पश्चात्ताप केला की तिथून पुसला जाऊन घाटाच्या पायथ्याशी उगवायचा. एक रेल्वेतला माणूस इतक्यांदा इकडून तिकडे गेला होता की त्याच्या दोन्ही जागी रंगाचे पापुद्रे आले होते. प्रवचन चालू असताना मास्तर एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून कुणाचं तरी माप घेत, आणि ज्याच्याकडे अंगठा वळला तो माणूस ताठ बसे. "मास्तरनं डोळा मिटला" असं आमच्याकडे म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे.

आमच्या शेजारच्या पर्सवाल्या बाई एकदा त्यांच्यावर तुटून पडल्या. भक्ती संपली होती, लोक चपला शोधत होते. बाई डाव्या भिंतीशी गेल्या आणि किंचाळल्याच.

"मास्तर, मले काऊन तिकडं काढलं?"

"तुम्हाले कोणं काढलं? नाव आहे का कुठं?"

"ही माही पर्स नाई का?"

"तुम्ही वळखलं न स्वतःले?" मास्तर शांतपणे ब्रश पुसत म्हणाले. "मंग माहं काम झालं. आता तुमचं काम करा. ज्या सुनंच्या नावानं घरोघर सांगत फिरून राह्यल्या, तिच्यासंगं जाऊन जेवा."

बाई दोन महिने चर्चला आल्या नाहीत, पण सुनेकडे जेवून आल्या, आणि मास्तरांनी त्यांना पर्ससकट घाटावर नेलं. हे सगळं सांगताना लोक हसतात. मीही हसायचे. आपला माणूस भिंतीवर नसेपर्यंत हसायला काही जात नाही.

एकदा मास्तर आम्हा शब्बाथशाळेच्या पोरांना घेऊन वडनेर भोलजीला गेले. चित्राची लहान प्रत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतली होती. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात ती टांगून त्यांनी गहू आणि निदणाचा दाखला सांगितला: शत्रूने रात्री येऊन शेतात निदण, म्हणजे तण पेरलं, गडी म्हणाले उपटू का, तर मालक म्हणाला, नको, कापणीपर्यंत दोन्ही सोबत वाढू द्या, निवड तेव्हा करू. घरधनी म्हातारा हे ऐकून उठूनच बसला. "निंदाचं नाई? मास्तर, असा मालक कुठचा हो? गाव हसन त्याले." मास्तरांना राग आला. ते शास्त्र सोडून निंदणावर भांडायला लागले, आणि चहा येऊन गार होईपर्यंत दोघे तणाबद्दलच बोलत राहिले. परतताना बसमध्ये मी विचारलं, "मास्तर, मालक कापणीपर्यंत थांबतो, तर तुम्ही आत्ताच का निवडता?"

मी तेव्हा नववीत होते. मास्तर रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नीट उत्तर दिलं. "मी निवडून नाई राह्यलो, पोरी. घाटात पाटी असते न, पुढं धोक्याचं वळण आहे म्हणून? पाटी लावणारा कोणाले दरीत ढकलत नाई. न्याय थो करीन, त्याच्या दिवशी. मी निसती पाटी लावतो." मला ते तेव्हा पटलं. फार पटलं.

आता वडील, म्हणजे प्रकाश. माझ्या वडिलांना कर्णा वाजवायला मास्तरांनीच शिकवलं होतं, चर्चच्या गाण्यांसाठी. वडिलांचा दम मोठा आणि हात गोड. मग गावातल्या एका बँडपार्टीने त्यांना उचललं. लग्नसराईत रविवारीच लग्नं जास्त, गणपतीत तर वार पाहायचाच नाही. आधी एखादा रविवार चुकला, मग महिना, मग सबंध सिझन. मास्तरांचा एक नियम होता: जो वर्षभर कारण नसताना प्रभुभोजन घेत नाही, तो रुंद रस्त्यावर. स्वतः मास्तर बायकोला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीही ताट धरून उभे होते आणि आपला तुकडा त्यांनी घेतला होता. त्यामुळे त्यांच्यापुढे सबब चालायची नाही. वर्ष भरलं आणि वडील लाल कोटात भिंतीवर आले.

दुसरा कुणी चिडला असता. वडील खूश झाले. आयुष्यात त्यांचा फोटोसुद्धा कुणी धड काढला नव्हता. एका दुपारी ते अख्खी बँडपार्टी चर्चमध्ये घेऊन आले. हिंदू, मुसलमान, सगळे लाल कोटवाले डाव्या भिंतीपुढे कौतुकाने उभे. ढोलवाला म्हणाला, "मास्तर, आमाले बी काढा ना याच्या बाजूनं. एकटा काय वाजवन थो?" पार्टीच्या मालकाने तर हेच चित्र आपल्या गाडीवर काढून द्याल का असं विचारलं. मास्तर भयंकर संतापले. तेवढ्यात वडील चित्राजवळ जाऊन म्हणाले, "मास्तर, एक सांगू का? बोटं चुकली. अशा बोटांनं सूर निघत नाई."

मास्तरांचा राग तिथेच अडकला. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वडिलांना कर्णा घेऊन बोलावलं, समोर उभं केलं आणि तीनही बोटं नव्याने काढली. वडील हे सांगताना पोट धरून हसायचे: "मले नरकात घालाची यवढी घाई, पण बेसूर नाई घातलं!" आणि हसून झालं की म्हणायचे, "सिझन सरला का जातो चर्चले. मास्तरचं मन मोडाचं नाई मले."

सिझन सरला नाही. मे महिन्यात नांदुऱ्याच्या रस्त्यावर एका वरातीत वाजवता वाजवता ते पुलाच्या कठड्यावर टेकले. सोबतच्यांना वाटलं, दम खाताहेत. वरात पुढे गेली आणि कुणीतरी परत आलं तेव्हा ते गेलेले होते.

मातीच्या वेळी मास्तरांनी पेटीला खांदा दिला, कबरेपाशी रडले सुद्धा. पण बोलायला उभे राहिले तेव्हा तेच बोलले जे सगळ्यांच्या मातीला बोलायचे: मरण एकदाच, त्यानंतर न्याय. ते कधीच कुणाला स्वर्गवासी म्हणत नसत. "देवाघरी गेले" असं कुणी म्हटलं की म्हणत, "थे अजून ठराचं आहे." आमच्या वडिलांच्या बाबतीतही त्यांनी एक शब्द जास्त दिला नाही. आई पेटीजवळ उभी राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिला एकच वाक्य हवं होतं. ते मिळालं नाही.

महिन्याभराने ती त्यांना चर्चमध्ये गाठून म्हणाली, "मास्तर, त्यायले आता तिथून हलवा."

"मेलेल्या माणसाले हलवता येत नाई, सुमनबाई."

आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण शास्त्र तिने रोज वाचलेलं. तिने मेंढरं आणि शेरडांची गोष्ट काढली. राजा सिंहासनावर बसेल आणि विचारेल ते एवढंच, की मी भुकेला होतो तेव्हा मला जेवू घातलंत का. "वरातीत बत्त्या डोक्यावर घेऊन बाया चालतात न, त्यायच्या ताटात पडल्याबिगर हे कधी जेवले नाईत. बँडवाल्यायले विचारा. राजा हेच इचारीन का नाई?"

"हाव. लिहिलं आहे तसं."

"मंग?"

"मंग राजा ठरवन. मी कोण?"

"मंग हे कोणं ठरवलं?" आईने भिंतीकडे बोट केलं.

मास्तरांनी श्रीमंत माणूस आणि दारातल्या भिकाऱ्याची गोष्ट सांगितली. मेल्यावर दोघांच्या मध्ये मोठी दरी पडली, इकडचा तिकडे जाऊ शकत नाही. आई म्हणाली, ती दरी देवाने पाडली, तुमची तर तेलरंगाची आहे. मास्तर म्हणाले, भक्तीची वेळ झाली. आणि हे असं एकदा नाही, वर्षानुवर्षं चाललं. आई दर काही रविवारांनी विचारायची, मास्तर नाही म्हणायचे, आणि आई घरी येऊन भाजीत मीठ विसरायची. मी तोवर खामगावला नर्स झाले होते. सुट्टीला आले की मला दोघांचाही संताप यायचा.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. मास्तर एकटे राहत, स्टोव्हवर चहा ठेवत होते. मी बसलेही नाही. म्हटलं, "तुम्ही मला बसमध्ये पाटीचं सांगितलं होतं. पाटी जिवंत माणसासाठी असते ना? मेलेल्याला तिचा काय उपयोग? मग पुसून टाका. हलवू नका, नुसतं पुसा."

मास्तरांनी स्टोव्ह बंद केला. "पुसलं तं लोक काय म्हनतीन? मास्तरनं मेल्यावर मानूस तारला. मंग जितेपनी कोण कायले सुधरन? त्या पर्सवाल्या बाई सुनंकडं जेवाले गेल्या असत्या का?"

"आणि माझी आई रोज रडते त्याचं काय?"

"मी बी रडतो, पोरी. प्रकाशले मी शिकवलं होतं."

"मग एक ब्रश फिरवायला काय जातं तुमचं?"

"माहं काईच जात नाई. म्हणून तं भेव वाटते." ते चहा गाळायला लागले.

मी चहा न घेता निघाले. त्यांच्या म्हणण्यात काहीतरी होतं आणि मला ते खोडता येत नव्हतं, त्यामुळे जास्तच चिडले. आजही खोडता येत नाही. हट्टी माणूस चुकीचा असला तर परवडतो.

मग आईने वेगळीच वाट काढली. आई स्वतः अरुंद रस्त्यावर होती. निळी साडी, हातात डबा, घाटात बरीच वर पोचलेली. तिला त्याचा गुपचूप अभिमान होता. एका रविवारी ती भक्तीनंतर मास्तरांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मेलेल्याले हलवता येत नाई म्हणता न? मी तं जिती आहो. मले हलवा. त्यायच्या बाजूले काढा."

मास्तरांना वाटलं ती रागाने बोलते आहे. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट तिच्यासमोर आलं तेव्हा तिने हात जोडले आणि मान हलवली. तुकडा घेतला नाही. नियम तिला पाठ होता. वर्षभर घेतलं नाही की मास्तरांना तिला हलवावंच लागणार.

तिला हे सोपं नव्हतं, हे मी जवळून पाहिलं. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती केस धुवायची, साडी काढून ठेवायची, कुणाशी भांडण असेल तर मिटवून यायची. सगळं तसंच करत राहिली. फक्त ताट आलं की हात जोडायची. घरी आल्यावर दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी ओरडले, "अगं, स्वर्ग म्हणजे काय बसमधली जागा आहे का, शेजारी बसायला?" ती म्हणाली, "थे तिथं एकटे लाल कोट घालून उभे आहेत. तुले दिसत नाई का?" मी म्हटलं ते चित्र आहे. ती म्हणाली, "हाव, चित्रच आहे. मंग मले बी चित्रातच जाऊ दे." या घरात मला कधी कुणाला काही पटवता आलेलं नाही.

पाळकसाहेब समजूत घालायला आले, आईने त्यांना पोहे खाऊ घालून पाठवलं. मग एका संध्याकाळी स्वतः मास्तर आले. ते आमच्या घरी वडील गेल्यापासून आले नव्हते. बाजेवर बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली.

"सुमनबाई, असं नाई होत."

"काऊन नाई होत?"

"तुम्ही काय पाप केलं? कायच्या नावानं मी तुम्हाले तिकडं काढू?"

आई गहू निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "कोणतं करू सांगा. करतो."

मास्तर काठी टेकून उठले. जाताना दारात मला म्हणाले, "तुह्या आईनं मले अडकवून टाकलं, पोरी." मला त्यांची कीव आली नाही. बरं झालं, असंच वाटलं.

वर्ष भरलं. त्या रविवारी सगळ्या मंडळीने आत येताना आधी डाव्या भिंतीकडे पाहिलं. आई घाटावरच होती. पुढच्या रविवारीही तिथेच. पर्सवाल्या बाई म्हणाल्या, "माह्या वेळेस तं लगेच काढलं होतं. आता काय झालं?" मास्तर म्हणाले, "निळा रंग सरला." पुढे म्हणाले, हाताला कंप आहे. मग म्हणाले, ब्रशला वाळवी लागली. खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस किती वाईट खोटं बोलतो ते मी तेव्हा पाहिलं. ज्यांनी कुणाला एका रविवारची सवलत दिली नव्हती, ते आईला "पुढच्या रविवारी पाहू" म्हणून टोलवायला लागले. आणि आई दर रविवारी विचारायची, "हलवलं का?"

मग मास्तरांची तब्येत ढासळली. त्यांची मुलगी येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली आणि काही दिवसांनी तिकडेच ते गेले. माती मलकापुरात झाली, पण मला ड्यूटीमुळे पोचायला उशीर झाला आणि चेहरा दिसला नाही. चित्र अजून भिंतीवर आहे. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. वडील खाली कर्णा वाजवत आहेत, आई वर डबा घेऊन उभी आहे, आणि ते पाहिलं की मला अजूनही ब्रश घेऊन कुठेतरी रंग फासावासा वाटतो. म्हणून मी चित्राकडे न पाहता मास्तरांना अकोल्याला नेण्याआधीचा महिन्याचा तो पहिला रविवार आठवते. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

आमच्या चर्चमध्ये पुरुष डावीकडे बाकांवर आणि बायका उजवीकडे सतरंजीवर बसतात. मास्तर ताट घेऊन पुरुषांकडून बायकांकडे आले. गुडघे दुखत होते, एकेका ओळीला वेळ लागत होता. मी आईच्या मागेच बसले होते. ताट आईसमोर आलं, तिने नेहमीसारखे हात जोडून मान हलवली. एरवी मास्तर क्षणभर थांबून पुढे सरकत. त्या दिवशी ते सरकलेच नाहीत. गाणं संपलं. पेटीवाल्याने पुन्हा एक कडवं वाजवलं, तेही संपलं. बाहेरून मालगाडी गेली आणि तेवढा वेळ सगळ्यांना बरं वाटलं. मग तीही गेली.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "घ्या, सुमनबाई."

"त्यायले हलवा, घेतो."

"थे माह्या हाती नाई."

"मंग मले हलवा."

"थे माह्याच्यानं होत नाई."

असं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते एक हात जमिनीला टेकून वाकले आणि सतरंजीवर, बायकांमध्ये, आईच्या बाजूला बसले. बायका साड्या सावरत सरकल्या. पाळकसाहेबांनी पुढून विचारलं, "मास्तर, बरं वाटत नाही का?" मास्तर म्हणाले, "बरं आहे. चालू द्या." त्यांनी ताट मागे माझ्या हातात दिलं. "पुढं दे, पोरी." मी माझा तुकडा घेऊन ताट पुढे दिलं. ते सगळ्या ओळींमधून फिरलं आणि पलीकडून पुन्हा आईसमोर आलं.

आईने ताटाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"मास्तर, तुम्ही नाई घेतलं."

"नाई."

"काऊन?"

मास्तर समोर पाहत होते. आई कुजबुजायचं विसरली. "अवो, तुमचं काय अडलं? तुम्ही तं घ्या!" सगळं चर्च वळून पाहत होतं. वर्षाहून जास्त काळ ज्या ताटाला तिने हात लावला नव्हता, ते दोन्ही हातांनी उचलून तिने त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, मास्तर. मी पाया पडतो तुमच्या, घ्या."

मास्तरांनी हात जोडले आणि मान हलवली.